राहनाळ-निजामपुऱ्याची बिशी

कराडहून निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "भिवंडीत बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "एक खानावळ आहे, ती बघायला चाललेय." त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. घरात मात्र कुणी हसलं नाही. भिवंडी म्हटलं की आमच्याकडे लोकांना अजून दंगलच आठवते. यजमानांनी एकच अट घातली. रोज संध्याकाळी बूथवरून फोन करायचा.

ही गोष्ट दोन हजार पाचची, फेब्रुवारी संपत आला होता तेव्हाची. आमच्या महिला मंडळाच्या मनात तासवड्याच्या एमआयडीसीतल्या कामगारांसाठी खानावळ काढायचं घोळत होतं. पुण्याच्या एका शिबिरात आम्हाला सामाजिक उद्योजक म्हणजे काय ते सांगितलं होतं. सरकार करत नाही आणि एकट्यादुकट्याला जमत नाही, असं गावाच्या गरजेचं काम धंद्याच्या शिस्तीने चालवायचं आणि त्याची मालकी करणाऱ्यांकडेच ठेवायची. ऐकायला छान वाटलं. पण असं खरोखर कुणी चालवतं का, असं विचारल्यावर शिबिरातल्या एक बाई म्हणाल्या, भिवंडीला जाऊन या. मंडळाने मला पाठवलं, कारण माझी मुलं मोठी झाली होती.

राहनाळ

भिवंडीच्या एसटी स्टँडवर ती खानावळ चालवणाऱ्यांपैकी वंदनाताई पाटील मला न्यायला आल्या होत्या. पन्नाशीच्या आत-बाहेरच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, पायात जाड चपला. रिक्षात बसताच त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. रस्त्यावर खड्डे इतके होते की बोलणं मधेच तुटायचं. दोन्ही बाजूंना ट्रक उभे होते आणि त्यांच्यामागे पत्र्याच्या उंच गोदामांच्या ओळी.

"इथं आमचं भाताचं शेत व्हतं," एका गोदामाकडे बोट करून त्या म्हणाल्या. "आता भाडं येतं. बसून खाता येतं. पन बसून किती खायचं?"

राहनाळ गावातलं त्यांचं घर दुमजली, नवं, गुलाबी रंगाचं. मागे दोन म्हशी. शेत गेलं तरी सासूबाईंनी म्हशी विकू दिल्या नव्हत्या. रात्री तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि सुक्या जवळ्याचं कालवण होतं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्या हाताला ती भाकरी फार मऊ लागली आणि मी एक जास्तच खाल्ली. जेवताना वंदनाताईंनी बिशीची हकिगत सांगितली. इथे कामगारांच्या खानावळीला बिशी म्हणतात. आपल्याकडची पैशांची भिशी वेगळी. यंत्रमागावर काम करणारे हजारो पुरुष उत्तरेकडून एकटे येतात, एका खोलीत पाळीपाळीने झोपतात आणि बिशीत जेवतात. शहरातल्या निजामपुरा वस्तीतल्या रेहाना आपांचे यजमान मागावर होते. छातीच्या दुखण्याने ते गेले, तेव्हा आपांनी घरातच डबे करायला घेतले. त्यांना दूध-दही वंदनाताई द्यायच्या. त्या ओळखीतून राहनाळच्या काही आणि निजामपुऱ्याच्या काही अशा बायका एकत्र आल्या आणि त्यांनी गल्लीत एक जागा भाड्याने घेतली. प्रत्येकीचा वाटा सारखा. मटण-मासळी ठेवायची नाही, म्हणजे कुणालाच अडचण नको.

वंदनाताईंचे धाकटे दीर जनार्दनभाऊ बाजूलाच बसले होते. गोदामाचे व्यवहार तेच बघतात. ते मला म्हणाले, "वैनीला नाद हाय. चालतंय तवर चालू द्या. भिवंडीत एक दिवस वाकडा यायला वेळ लागत न्हाय."

वंदनाताईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

निजामपुरा

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत शिरताच कानात खडखडाट भरला. दोन्ही अंगांना खाली माग, वर खोल्या. जमीनसुद्धा हादरते की काय असं वाटत होतं. तिथली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात, त्यामुळे सुरुवातीला मला सगळीकडे भांडण चाललंय असं वाटायचं.

रेहाना आपा उंच, सडपातळ, बोलायला अगदी मऊ. त्या गोंगाटात त्यांचं बोलणं ऐकायला जवळ जावं लागायचं. "आओ शैलाताई, बसू नका, काम करा. बसलेल्या माणसाला इथे गरम होतं," असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे भोपळा ठेवला.

मी भोपळा चिरला. एकीकडे बायका पोळ्या लाटत होत्या, दुसरीकडे हरभऱ्याच्या डाळीचा मोठा टोप रटरटत होता. तेवढ्यात एकदम सगळं शांत झालं. लोडशेडिंग. माग थांबले आणि त्या शांततेने मी दचकलेच. वीज गेली म्हणजे पंपही गेला. आपांनी हातगाडीवाल्याकडून पाण्याचे कॅन घेतले आणि पिंपात ओतून घेतले. उकाडा वाढला तसं वंदनाताई म्हणाल्या, "आज मठ्ठा करू. पोरं सुकून येतील." घरून आणलेलं दही त्यांनी घुसळलं, त्यात पिंपातलं पाणी, मीठ, कोथिंबीर. पंगती बसल्या तेव्हा मठ्ठ्याचे ग्लास मी वाटले. एक माझ्यासाठी बाजूला ठेवला आणि पिऊन टाकला. मठ्ठा पहिल्याच पंगतीत संपला. स्वयंपाक करणाऱ्या बायकांना घोटभरही उरला नाही.

पहिल्या पंगतीत रामदुलार चाचा होते. आझमगडकडचे, पांढऱ्या मिशांचे. मी नवी दिसले म्हणून त्यांनी चौकशी केली आणि कराड ठाऊक नाही म्हणून माफीही मागितली. "बहुत बढ़िया मट्ठा है, बिटिया," म्हणत त्यांनी दुसरा ग्लास घेतला.

दुपार कलली. आम्ही भांडी आवरून बसलो होतो. तेवढ्यात मुख्तार नावाचा एक कामगार दारात आला. धावत आल्यामुळे त्याला धड बोलता येत नव्हतं.

"आपा, हमारे कारखाने में लोगों को उलटी हो रही है. चाचा तो उठ नहीं रहे."

आपांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "कौन कौन? सब यहीं खाए थे?"

"सब यहीं."

दवाखान्याच्या फाटकात

सरकारी दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा व्हरांड्यात आमचीच माणसं आडवी होती. बहुतेकजण कण्हत का होईना बोलत होते. चाचांचे डोळे आत गेले होते आणि हात बर्फासारखा गार. सलाईन लावणाऱ्या सिस्टरने एवढंच सांगितलं, "म्हाताऱ्यांचं सकाळपर्यंत बघू." मी वंदनाताईंकडे पाहिलं. त्या चाचांच्या तळपायाला तळहात घासत होत्या आणि ओठ हलत होते.

बाहेर फाटकापाशी माणसं जमू लागली. आधी मागावरचे, मग नुसते बघणारे. सगळे विचारत होते काय झालं, पण थोड्या वेळाने प्रश्न बदलला. पकाया किसने? या गावात हा प्रश्न साधा नाही, हे मला परक्या बाईलाही कळत होतं. आपांच्या मोहल्ल्यातले एक गृहस्थ पुढे झाले आणि हळूच त्यांना म्हणाले, "दही तो राहनाळ से आता है ना? बोल दो. तुम क्यों फँसती हो?" तेवढ्यात जनार्दनभाऊ मोटारसायकलवरून आले. ते वंदनाताईंना बाजूला घेऊन म्हणाले, "वैनी, पानी त्यांनी भरलंय. तुमचा संबंध न्हाय. गाडीवर बसा, घरी चला."

दोघींनाही बाहेर पडायला दार मिळालं होतं आणि प्रत्येकीचं दार दुसरीच्या अंगावर उघडत होतं. मी दोघींच्या मधे उभी होते. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, आता ही बिशी संपली, आणि त्याच्यापुढे काय होईल याचा विचारही करवेना. यजमानांना फोन करायची वेळ होऊन गेली होती.

वंदनाताई गाडीवर बसल्या नाहीत. त्या फाटकाकडे गेल्या. आपा तिथे आधीच उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींना काही विचारलंही नाही. आपा आपल्या मऊ आवाजात बोलल्या, त्यामुळे लोकांना गप्प व्हावं लागलं.

"खाना हम सबने बनाया. मैंने भी, इन्होंने भी. जो पूछना है, दोनों से पूछो."

"आन आजपासून बिशी बंद," वंदनाताई म्हणाल्या. "का झालं ते कळत न्हाय तवर चूल पेटणार न्हाय. म्युन्शिपालटीचा मानूस आमीच बोलवतो."

गर्दीतून एकजण म्हणाला, "बनाने वालियों को तो कुछ नहीं हुआ. ये कैसे?"

मठ्ठा त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता, हे तेव्हा कुणाच्या ध्यानातही नव्हतं. लोक पुढे सरकले. आणि तेवढ्यात, सगळ्यांच्या समोर, मला भडभडून उलटी झाली. फाटकाच्या गजाला धरून मी खाली बसले. ज्याने तो प्रश्न विचारला होता त्यानेच पाण्याची बाटली आणून दिली. "ये तो मेहमान है," आपा म्हणाल्या, "इसने वही खाया जो तुम लोगों ने." गर्दी हळूहळू सैल झाली. मला इतकं लाजिरवाणं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं हायसंही.

पुन्हा राहनाळ

पुढचा दिवस मी वंदनाताईंच्या घरी पडून होते. सासूबाई मला थोड्या थोड्या वेळाने मीठ घातलेली तांदळाची पेज पाजत होत्या. आमच्याकडे असल्या दुखण्याला लिंबू-साखर देतात, पण त्या पेजेनेच मला उठवलं. चाचांची खबर येईपर्यंत मात्र मी दाराकडेच बघत होते. वंदनाताई पहाटेच दवाखान्यात गेल्या होत्या. त्या परतल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "डोळे उघडले. पानी मागितलं." मग पायरीवर बसून त्या बराच वेळ रडल्या. सासूबाई जवळ गेल्या नाहीत. फक्त म्हशींना पेंड घालायला स्वतः उठल्या, सुनेला उठवलं नाही.

महापालिकेचा निरीक्षक बिशीत येऊन गेला होता. त्याने पिंपातल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून पाहिले. रंग आला नाही, म्हणजे पाणी शुद्ध केलेलं नव्हतं. उकळलेल्या डाळीचं काही बिघडलं नाही, पण मठ्ठ्यात ते पाणी कच्चंच गेलं होतं.

हे कळल्यावर जनार्दनभाऊ मोकळे झाल्यासारखे दिसले. त्यांनी खुर्ची माझ्या खाटेजवळ ओढली.

"ताई, तुमी बाहेरच्या, शिकलेल्या. तुमचं ऐकतील. लोकांसमोर एवढंच सांगा, पानी त्यांनी भरलं. खोटं थोडंच हाय?"

खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. मी त्यांच्या घरात, त्यांचीच पेज पीत होते. मी म्हटलं, "भाऊ, मला विचारलं तर मी पाहिलं ते सगळं सांगेन. पाणी त्यांनी भरलं. दही इथून गेलं. घुसळलं वंदनाताईंनी. ग्लास मी वाटले. यातलं एकच सांगायचं म्हटलं तर ते मला जमणार नाही."

ते उठून गेले. दारात उभे राहून वंदनाताई ऐकत होत्या. त्यांचे यजमान सुधाकरराव फारसे बोलत नाहीत, पण ते तेवढ्यात आतून म्हणाले, "जनू, तिचं तिला ठरवू दे." त्या दिवसापासून दीर-भावजयीचं बोलणं बंद झालं.

शुक्रवार

मी गुरुवारी परतणार होते, पण पायांत बळ नव्हतं आणि मन निघत नव्हतं. घरी फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं, बाकीचं नाही.

शुक्रवारी मागांना सुट्टी असते. नमाजनंतर बिशीपुढच्या गल्लीत कामगार जमले. बायका दाराशी ओळीने बसल्या होत्या. मी त्यांच्यातच बसले. माग बंद असल्यामुळे प्रत्येक शब्द ऐकू येत होता आणि मला तेच नको होतं.

आपा उभ्या राहिल्या. "पानी ख़राब था. ठेलेवाले से मैंने लिया. देखे बग़ैर लिया."

त्या एवढं बोलताच मागून आवाज आले. कुणीतरी म्हणालं, आमचा माणूस मरता मरता वाचला. कुणी म्हणालं, हॉटेलात जाऊ, इथे नको. आपा तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या ओढणीचं टोक मुठीत आवळलेलं मला दिसत होतं.

मग वंदनाताई उठल्या. "पानी तिनं घेतलं, पन मठ्ठ्यात मी घातलं. कच्चं घालायचं न्हाय ते मला कळायला पायजे होतं. घरान आमी बाळंतिणीला पानी उकळून देतो. तुमाला दिलं न्हाय. चूक आमची सगळ्यांची हाय."

मुख्तार मागे उभा होता. तो पुढे आला. मला वाटलं आता हा काय बोलतो. तो म्हणाला, "तीन दिन से होटल में खा रहे हैं. आधे लोगों का पेट वहाँ भी ख़राब है. फ़र्क़ इतना है कि होटलवाला अस्पताल नहीं आया." थोडी माणसं हसली. बरीच हसली नाहीत. "बिशी खोलो. मगर पानी हमारे सामने उबलेगा. हर पाली का एक आदमी आके देखेगा. रसोई के अंदर."

बायकांची आपापसात कुजबुज झाली. परका पुरुष स्वयंपाकघरात म्हणजे त्यांच्यातल्या कित्येकींच्या घरी आणखी एक भांडण. आपांनी एकेकीकडे पाहिलं. एक तरुण मुलगी मान हलवून नाही म्हणाली आणि थोड्या वेळाने तिनेच म्हटलं, "दरवाज़े तक आएगा तो चलेगा. टोप हम दरवाज़े पे रखेंगे." तेच ठरलं.

पुण्याच्या त्या शिबिरात आम्हाला लोकसहभाग नावाचा एक तास होता. फळ्यावर बाण काढून समजावलं होतं. त्या गल्लीत बसल्यावर मला कळलं की लोकसहभाग म्हणजे रागावलेल्या माणसांसमोर बसायचं आणि उठून जायचं नाही.

शनिवार

सकाळी दाराशी मोठ्या टोपात पाणी उकळत होतं आणि रात्रपाळीचा एक माणूस अंगावरची सुताची लव झटकत, शेजारी उकिडवा बसून त्याच्याकडे डोळे लावून होता. साधाच बेत होता. तुरीचं वरण, भात, बटाट्याची भाजी, पोळ्या. एकीच्या हातून मीठ दोनदा पडलं, म्हणून आपांनी वरण स्वतः चाखून पाहिलं.

दुपारची सुट्टी झाली. कामगार आले आणि दारात थांबले. आत कुणी येईना. पंगतीच्या पट्ट्या रिकाम्या होत्या.

आपांनी ताटं घेतली. "उस दिन किसी ने पूछा था कि बनाने वालियों को क्यों कुछ नहीं हुआ. सवाल ग़लत नहीं था. हमने मट्ठा नहीं पिया था. अब से पहले हम खाएँगे, बाद में आप. आज एक घंटा रुको, हमें देखो, फिर बैठो."

बायका पंगतीत बसल्या. राहनाळच्या आणि निजामपुऱ्याच्या, जशा जागा मिळतील तशा. मीही बसले. दारात इतकी माणसं आपलं जेवण बघत उभी असताना घास गिळणं फार अवघड. बाजूला वंदनाताई खाली मान घालून भराभर जेवत होत्या. आपा मात्र रोजच्यासारख्या, सावकाश. बाहेर कुणी खोकलं तरी माझा हात थांबायचा. एक तास! त्यांनी वाट पाहिली नाही आणि हॉटेलकडे वळले तर हा एवढा भात कुणाला घालायचा, आणि उद्या चूल कशाला पेटवायची?

तेवढ्यात दारातला एक जाडजूड माणूस चपला काढून आत आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"एक घंटा कौन रुकेगा?" तो म्हणाला. "आधे घंटे में मशीन चालू है. दाल देना."

वंदनाताई उष्ट्या हाताने उठल्या, हात धुतले आणि त्याला वाढलं. त्याच्यामागून मुख्तार बसला. मग आणखी काहीजण. सगळे नाही. अर्ध्याहून जास्त माणसं निघून गेली आणि खूप भात उरला. आपांनी तो टोपावर झाकण ठेवून बाजूला केला आणि म्हणाल्या, "कल थोड़ा कम डालेंगे."

संध्याकाळच्या गाडीने मी निघाले. आपा स्टँडपर्यंत आल्या. "तिकडे जाऊन काय सांगाल?"

"घडलं ते."

"सगळं?"

"सगळं."

"मग तुमच्या बायका खानावळ काढायच्या नाहीत," त्या म्हणाल्या आणि माझा हात बराच वेळ धरून राहिल्या.

नंतर वंदनाताईंचा फोन येत राहिला. रामदुलार चाचा बरे होऊन मुलुखाला गेले, ते अजून परतलेले नाहीत. पंगती भरायला पावसाळा उजाडला. जनार्दनभाऊ एका घरात राहून अजून बोलत नाहीत. पाणी रोज दारातच उकळतं.

कराडला आल्यावर आमच्या मंडळाच्या बैठकीत मी काहीही न लपवता सगळं सांगितलं. दवाखाना, फाटकातली गर्दी, माझी उलटी, दारात उभी राहून आमचं जेवण बघणारी माणसं. सांगून झाल्यावर एकीने चहाचे कप गोळा केले. मला वाटलं, संपलं. आमच्यातली सुमन माने, जी बैठकीत कधी तोंड उघडत नाही, तिने घसा साफ केला.

"शैलाताई," ती म्हणाली, "त्यांनी ते मोठे टोप कुठून घेतले, ते विचारून घ्या की."